पालेभाजी, वार आणि जुळी बाळं

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या या बायांचं दिवस राहण्याआधीचं सरासरी वजन जेमतेम ४२ किलो होतं आणि दिवसाचा आहार १,८०० कॅलरींच्या आसपास. जी जास्त जेवते तिचं बाळ जास्त भरतं, असं कुणालाही वाटेल. आकडे वेगळंच सांगत होते. एकूण कॅलरी आणि प्रथिनं यांचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध दिसला नाही. दूध, फळं आणि मेथी-शेपूसारख्या हिरव्या पालेभाज्या यांचा मात्र दिसला, आणि सर्वांत हडकुळ्या आयांमध्ये तो सर्वाधिक ठळक होता.

मग मुंबईच्या वस्त्यांत प्रत्यक्ष प्रयोग झाला. पालेभाजी, फळं आणि दुधाचा रोजचा खाऊ स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून दिला. सगळ्यांचा हिशेब एकत्र केला तर बाळांच्या वजनात ठळक फरक दिसला नव्हता. पण ज्यांनी दिवस राहण्याआधी किमान तीन महिने तो खाल्ला, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी वजनदार निघाली. गरोदरपणातला मधुमेहही खाऊ घेणाऱ्या गटात बराच कमी आढळला. पण इथे फार बारीक असलेल्या स्त्रियांच्या बाळांना वजनाचा फायदा झाला नाही. म्हणजे मुलीच्या लहानपणापासूनच्या पोषणातली उणीव नऊ महिन्यांत भरून काढता येत नाही. आपल्या योजना मात्र बहुतेक गरोदरपणाच्या नोंदणीनंतरच तिच्यापर्यंत पोचतात, हे मला फार खटकतं.

जुळ्यांचं गणित आणखी अवघड. साधारण २८ आठवड्यांपर्यंत ती एकट्या बाळासारखीच वाढतात, पुढे वेग मंदावतो. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. आईच्या रक्ताचं प्रमाण जास्त वाढतं, लोहाची गरजही वाढते, त्यामुळे रक्तक्षय लवकर गाठतो. अमेरिकेच्या २००९ च्या शिफारशींनुसार, मुळात योग्य वजनाच्या स्त्रीचं वजन एका बाळासाठी ११.५ ते १६ किलो वाढावं, जुळ्यांसाठी १७ ते २५.

तरीही एक बाळ दोन किलोंचं आणि दुसरं दीड किलोचं होऊ शकतं. आई एकच, जेवण एकच. फरक बहुधा वारेत, म्हणजे आईकडून बाळाला पोषण पोचवणाऱ्या अवयवात (प्लॅसेंटात) असतो. एकाच वारेवर दोघं वाढत असतील तर वाटणी असमान होते, कधी एकाचं रक्त दुसऱ्याकडे वाहू लागतं. अशा वेळी “तू नीट खाल्लं नाहीस” असं त्या बाईला ऐकवणं अन्यायाचं आहे. वार एक की दोन, हे पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत सर्वांत स्पष्ट दिसतं. वार एकच असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी तपासणी लागते, आणि ती चुकवू नये.