कोलकात्याचा चिनी समाज

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कोलकात्यात वसत आलेला, मुख्यतः दक्षिण चीनमधून आलेल्यांचा समाज. भारतातील चिनी वंशीयांची ही सर्वांत मोठी वस्ती.

आद्यपुरुषाचा मान तोंग अछ्यू या व्यापाऱ्याकडे जातो. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात त्याने बजबजजवळ हुगळीकाठी जमीन मिळवली, साखर कारखाना काढला, चीनहून मजूर आणले. १७८३ च्या सुमारास तो वारला आणि कारखानाही बसला. गावाला नाव मात्र त्याचेच राहिले : अछिपूर. तिथल्या त्याच्या घोड्याच्या नालेच्या आकाराच्या तांबड्या थडग्यापाशी चिनी नववर्षाच्या सुमारास आजही कुटुंबे येतात. खरे तर आजच्या बहुतेक घरांचे पूर्वज त्याच्यानंतर पुष्कळ काळाने आले; पण मूळपुरुष मानायला रक्ताचेच नाते लागते असे नाही.

‘चिनी’ ही ओळख बाहेरच्यांनी दिलेली. आपसात माणूस ओळखला जाई तो बोलीवरून, आणि बोलीवरून धंदाही कळे. कँटनी म्हणजे सुतार, चीनच्या हूपे प्रांतातले म्हणजे दातांचे वैद्य, हक्का म्हणजे चामडे आणि जोडे. आपल्याकडे नूडल्सच्या पाकिटावरून घरात आलेला ‘हक्का’ हा शब्द मुळात या लोकांचे नाव आहे. त्याचा अर्थ ‘पाहुणी कुटुंबे’. चामडे कमावणे सवर्ण हिंदू विटाळाचे मानत, त्यामुळे शहराच्या पूर्वेच्या टांगरा भागातल्या दलदलीत हक्कांना मोकळे रान मिळाले. त्यांच्या हाताखाली बिहारमधले चर्मकार राबत. जुनी वस्ती मध्य कोलकात्यातल्या टिरेटा बाजारची, तिथे प्रत्येक गटाचे वेगळे देऊळ. इंग्रजीत त्यांना चक्क ‘चर्च’ म्हणतात. टांगऱ्यात चिनी कालीमंदिरही आहे.

१९६२ च्या युद्धाने हे आतले भेद निरर्थक केले. कायद्यात बदल करून चिनी वंशाच्या भारतीय नागरिकांनाही परक्यांसारखे वागवता येऊ लागले. आसाम, शिलाँग, दार्जिलिंग भागांतून सुमारे तीन हजार जणांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबले. काहींची सुटका व्हायला १९६७ उजाडले. कोलकात्यातल्यांवर पोलिसांत हजेरीची आणि परवान्याशिवाय शहर न सोडण्याची सक्ती आली. अनेक घरांनी देश सोडला.

टांगऱ्यातले चामड्याचे कारखाने प्रदूषणाच्या कारणावरून शहराबाहेर बानतल्याला हलवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. कारखान्यांच्या जागी खानावळी उभ्या राहिल्या. मुंबईशी धागा जुळतो तोही खाण्याचाच : कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन प्रथम केले, असे सांगतात. देश सोडलेल्यांपैकी बरेच टोरँटोत स्थिरावले. तिथे ‘हक्का’ पाटीच्या खानावळीत मिळते ते हिरवी मिरची-लसणाचे, भारतीय वळणाचे चिनी जेवण.