'बरा हाय' म्हणणारा कोण, ते आधी बघा

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या चौपाटीवर, शो सुटल्यानंतरच्या गर्दीत दोन प्रकारची माणसं हमखास सापडतात. एकाला काहीही दाखवा, त्याचं 'लय भारी' ठरलेलं. दुसरा 'बरा हाय'च्या पुढे कधी जात नाही. आता नव्या पिक्चरबद्दल दोघंही 'बरा हाय' म्हणाले, तर? पहिला असं म्हणाला असेल तर पिक्चर नक्की पडलेला आहे. दुसरा म्हणाला असेल तर उद्याचं तिकीट काढायला हरकत नाही.

ओळखीच्या माणसांबाबत हा हिशेब आपण न शिकवता करतो. मोबाइलवर अनोळखी हजारो लोकांच्या ताऱ्यांची सरासरी दिसली, की मात्र तीच समज कुठे जाते कोण जाणे.

या हिशेबाला गणिताचं रूप मिळालं ते एका स्पर्धेमुळे. नेटफ्लिक्स कंपनी तेव्हा डीव्हीडी टपालाने घरी पाठवायची. कोणत्या गिऱ्हाइकाला कोणता चित्रपट आवडेल याचा अंदाज आमच्यापेक्षा १० टक्के अचूक बांधून दाखवा आणि १० लाख डॉलर न्या, असं तिने २००६ मध्ये जाहीर केलं. अभ्यासासाठी स्पर्धकांच्या हाती पडलं ते घबाडच होतं: सुमारे ४ लाख ८० हजार प्रेक्षकांनी १७,७७० चित्रपटांना दिलेल्या १ ते ५ ताऱ्यांच्या १० कोटींहून अधिक नोंदी. बक्षीस लागायला २००९ साल उजाडलं. जिंकणाऱ्या संघाच्या गणितात भारदस्त बरंच काही होतं, पण मला त्यातली सगळ्यात साधी पायरीच जास्त मोलाची वाटते.

जुन्या तराजूची दोन पारडी कधी अगदी सारखी नसतात. माल घालण्याआधी तो पासंग काढावा लागतो. इथेही तेच केलं. सगळ्या ताऱ्यांची सरासरी साधारण ३.६ होती. समजा, एक कडक प्रेक्षक नेहमीच सरासरीपेक्षा ०.६ कमी देतो, आणि एका चित्रपटाला लोक सरासरीपेक्षा ०.४ जास्त देतात. म्हणजे या माणसाकडून या चित्रपटाला ३.४ मिळायला हवेत. त्याने प्रत्यक्षात ४ दिले, तर वरचे ०.६ एवढंच त्याचं खास या चित्रपटाबद्दलचं मत. नेहमी ०.६ जास्त देणाऱ्या उदार माणसाकडून ४.६ यायला हवे होते. त्यानेही ४ दिले असतील तर त्याचं मत उणे ०.६. कागदावर दोघांचे तारे सारखेच, पण एक खूश आहे आणि दुसरा नाराज.

गंमत म्हणजे हा पासंगही स्थिर नसतो. विजेत्या संघातल्या येहुदा कोरेन यांनी दाखवलं की एकाच माणसाचा हात वर्षागणिक, अगदी दिवसागणिकही सैल किंवा आखडता होतो. २००४ च्या सुरुवातीला तर सगळ्यांचीच सरासरी एकदम वर गेली. त्या काळात चित्रपट काही अचानक सुधारले नव्हते. जुन्या चित्रपटांनाही नव्यांपेक्षा जास्त तारे मिळतात असं दिसलं. त्याचं एक कारण निवडीत असावं: नवा पिक्चर माणूस कुतूहलापोटी बघतो, तीस वर्षांपूर्वीचा मात्र मुद्दाम शोधून, आवडेल अशी खात्री वाटली तरच बघतो. फर्स्ट डे फर्स्ट शोची मतं हीसुद्धा अशीच निवडलेली. शिट्ट्या मारायला आलेल्यांची ती गर्दी, तिला उभ्या जिल्ह्याचा कौल समजू नये.

पासंग काढल्यावर जे उरतं, तिथे खरी आवड राहते. ती शोधायला यंत्र चित्रपटाची गोष्ट वाचत नाही. कोणाच्या उरलेल्या आकड्यांचा कल कोणाशी जुळतो एवढंच ते पाहतं आणि त्यातून प्रेक्षकांच्या आवडीचे आणि चित्रपटांचे अदृश्य गुण काढतं. त्या गुणांना नाव नसतं. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. वाई आणि मेणवलीच्या घाटांवर हिंदी चित्रपटांची भरपूर चित्रीकरणं झाली आहेत, आणि पडद्यावर हा भाग अनेकदा उत्तर प्रदेश किंवा बिहारचं गाव म्हणून दिसतो. लखनौचा प्रेक्षक त्यात नायकाची मारामारी बघतो. वाईचा प्रेक्षक मात्र मारामारीच्या मागे ढोल्या गणपतीचं देऊळ आलं का हे बघतो, आणि शेजारच्याला कोपर मारतो. त्याचं मत नेहमीच्या सवयीपेक्षा दोन बोटं वर जाणारच. वाईच्या पुरेशा लोकांनी तारे दिले, तर 'वाई' हा शब्द कधीही न ऐकलेलं यंत्रसुद्धा हा कल पकडेल.

सवयीचा भाग झाला. अपेक्षेचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे.

मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन पेशींचा, म्हणजे डोपामाइन नावाचं रसायन सोडून संदेश देणाऱ्या पेशींचा, अभ्यास केला. अचानक फळाचा रस मिळाला की या पेशी जोरात संदेश सोडत. ठरावीक खुणेनंतर रस येतो हे माकड शिकलं, की पेशी खुणेलाच उसळत. नंतर रस आला तरी शांत. आणि खूण होऊन रस आलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांचे संदेश नेहमीपेक्षाही खाली जात. पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्यासह त्यांनी १९९७ मध्ये मांडलेला अर्थ असा: या पेशी मिळालेलं आणि अपेक्षित यांतला फरक मोजतात. माकडाच्या रसावरून थेट ट्रेलरवर उडी मारणं धाडसाचं आहे, हे मान्य. पण २०१४ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या रॉब रटलेज आणि सहकाऱ्यांनी मोबाइलवरच्या खेळातून १८,४२० माणसांवर हेच तपासलं. छोट्या पैजा लावायच्या आणि मधूनमधून 'आत्ता किती आनंदी आहात' ते सांगायचं. एकूण किती कमावलं यापेक्षा अपेक्षेहून बरं झालं की वाईट, यावर आनंद ठरत होता.

मग ट्रेलर बघूच नये का? जत्रेतल्या तंबूत पिक्चर बघणाऱ्या पिढीकडे अपेक्षा बांधायला रंगीत पोस्टर आणि भोंग्यावरची आरोळी एवढंच असायचं. आज शो सुरू होण्याआधी आपण निम्मे विनोद पाहून बसतो. सरळ हिशेबाने आपण कायम निराशच व्हायला हवं.

पण तसं होत नाही. रटलेज यांच्याच समीकरणात वाट बघण्याचाही थोडा आनंद जमेला धरलेला आहे. दुसरीकडे हिल्के प्लासमान यांच्या गटाने २००८ मध्ये २० जणांना एकच वाइन एकदा ५ डॉलरची आणि एकदा ४५ डॉलरची म्हणून चाखायला दिली. महाग म्हणून दिलेली लोकांना जास्त आवडली, आणि चवीच्या सुखाशी जोडलेला मेंदूचा भागही तिच्या वेळी जास्त सक्रिय झाला. म्हणजे अपेक्षा अनुभवाला आपल्याकडे ओढते.

ही दोन टोकं जोडणारा विचार जुना आहे. कार्ल होव्हलंड, मुझफर शेरीफ आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात मतांबद्दल मांडलं की छोटा फरक माणूस आपल्या बाजूला ओढून घेतो, मोठा फरक असेल तर तो आहे त्याहून मोठा वाटतो. पिक्चरला हे चपखल बसतं. थोडी जास्त हवा झालेला चित्रपट त्या हवेवर तरतो. प्रचंड हवा झालेला साधारण चित्रपट मात्र साधारण न वाटता 'डोक्याला शॉट' वाटतो. धोका म्हणून मला ट्रेलरपेक्षा 'आयुष्यात असा पिक्चर बघितला नाही' म्हणणारा मित्र जास्त मोठा वाटतो.

आणि हे सगळे मतभेद आपण जवळपास एकच गोष्ट पाहत असतानाचे आहेत, हे आणखी विशेष. मेंदूशास्त्रज्ञ उरी हॅसन यांच्या गटाने प्रेक्षकांचे मेंदू एकमेकांशी ताडून पाहिले. हिचकॉकच्या एका टीव्ही कथेच्या वेळी मेंदूच्या बाहेरच्या थराचा सुमारे ६५ टक्के भाग सगळ्यांमध्ये एकसारखा चालत होता. न्यूयॉर्कच्या बागेत कॅमेरा नुसता ठेवून, कथा न रचता केलेल्या चित्रणाच्या वेळी हाच आकडा ५ टक्क्यांच्या आत होता.

नेटफ्लिक्सने पुढे २०१७ मध्ये तारेच काढून टाकले. लोक माहितीपटांना पाच तारे द्यायचे आणि रात्री बघायचे मात्र तीन तारे दिलेला विनोदी पिक्चर. कंपनीला काय बघणार यात रस होता, त्यामुळे अंगठा वर किंवा खाली एवढेच पर्याय ठेवले. मतांची संख्या वाढली, पण 'आवडला' आणि 'फार आवडला' यांत फरक करायची सोय गेली. २०२२ मध्ये कंपनीने दोन अंगठ्यांचा तिसरा पर्याय आणला.