इन्फ्युजन पंप आणि ईएचआरची जोडणी

इन्फ्युजन पंप म्हणजे सलाइन किंवा औषध ठरलेल्या वेगाने शिरेत सोडणारं मशीन, आणि ईएचआर म्हणजे पेशंटची अख्खी फाइल कॉम्प्युटरवर. डॉक्टरांनी ईएचआरमध्ये लिहिलेली ऑर्डर थेट पंपाच्या स्क्रीनवर यावी आणि पंपाने किती औषध सोडलं ते आपोआप फाइलमध्ये जावं, अशी सोय केली की त्याला ही जोडणी म्हणतात. ती मुख्यतः अमेरिकेतल्या मोठ्या हॉस्पिटलांत वाढली. ऐकायला वायफाय लावायचं काम वाटतं, पण वायफाय हा त्यातला सोपा भाग.

मूळ अडचण अशी की पंप आंधळा असतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला कोण झोपलंय, वर टांगलेल्या पिशवीत काय आहे, त्याला काहीच कळत नाही. २००० नंतर जे 'स्मार्ट' पंप आले त्यांच्यात औषधांची लायब्ररी असते, म्हणजे प्रत्येक औषधाच्या डोसची मर्यादा आधीच भरलेली, ती ओलांडली की पंप ओरडतो किंवा सरळ अडवतो. पण नर्सने यादीतून भलतंच औषध निवडलं तर पंप त्या भलत्या औषधाची मर्यादा अगदी इमानदारीने लावतो! आणि घाईत लायब्ररी बाजूला ठेवून नुसता ताशी मिली आकडा टाकला तर तेवढंही नाही.

हिशोब बघा. नॉरएपिनेफ्रिन, म्हणजे पडलेलं ब्लडप्रेशर वर आणणारं औषध, ज्याला आपल्याकडे नॉरअ‍ॅड्रिनलिन म्हणतात, त्याचे ४ मिलिग्रॅम २५० मिलीत, म्हणजे एका मिलीत १६ मायक्रोग्रॅम. पेशंट ७० किलोचा, ऑर्डर दर किलोला दर मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम. म्हणजे मिनिटाला ७, तासाला ४२०, म्हणून पंपावर ताशी २६.२५ मिली. आता हा आकडा रात्री तीन वाजता, दोन अलार्म वाजत असताना, हाताने टाकायचा आणि दशांश चिन्ह एक घर सरकलं की तो २६२.५ होतो. एवढा वाढलेला आकडा लायब्ररी बहुतेक पकडेल, पण चुकीच्या पेशंटला लावलेला बरोबर आकडा ती कधीच पकडणार नाही.

जोडणी असली की काम असं चालतं: नर्स पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीचा बारकोड स्कॅन करते, मग पिशवीचा, मग पंपाच्या त्या चॅनलचा (म्हणजे ज्या भागातून ते औषध जाणार त्याचा). ईएचआर ऑर्डर ताडून पाहते आणि औषध, कॉन्सन्ट्रेशन, वजन, वेग असं सगळं पंपाच्या सर्व्हरला पाठवते, तिथून ते पंपावर येतं. नर्स स्क्रीन वाचते आणि स्टार्ट स्वतः दाबते. हे नीट लक्षात घ्या, कॉम्प्युटर परस्पर औषध चालू करत नाही. उलट दिशेने पंप वेग, थांबणं, डोसमधला बदल, आत गेलेले मिली कळवत राहतो आणि नर्स ते तपासून फाइलमध्ये कायम करते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशिनांना एकच भाषा कळावी म्हणून आयएचई या संस्थेने एचएल ७ वर (हॉस्पिटलांच्या कॉम्प्युटरांनी एकमेकांना माहिती पाठवायच्या मानकावर) बेतलेले ठराविक संदेश ठरवून दिलेत, ऑर्डर पंपाकडे नेणारा पीसीडी-०३ आणि पंपाची माहिती परत आणणारा पीसीडी-०१.

बारकोडची कल्पना मात्र पंपवाल्यांची नाही. १९९० च्या दशकात कॅन्ससमधल्या टोपेकाच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलातल्या नर्स सू किनिक यांनी भाड्याची गाडी परत करताना तिथला माणूस स्कॅनर फिरवताना पाहिला आणि हे औषधांना का नको, असं विचारलं. पुढे अमेरिकेच्या २००९ च्या 'हायटेक' नावाच्या कायद्याने ईएचआरसाठी सरकारी पैसा आला. २०१० मध्ये एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय मशिनांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याने, पंप सुधारायची मोहीम काढली, कारण २००५ ते २००९ मध्ये त्यांच्याकडे पंपांशी जोडलेल्या सुमारे ५६,००० तक्रारी जमल्या होत्या. त्यात सॉफ्टवेअर बिघडण्यापासून बटणांच्या गोंधळापर्यंत सगळं होतं.

खरी मेहनत फार्मसीच्या टेबलावर असते. ईएचआरमधल्या औषधांच्या यादीतली प्रत्येक ओळ पंपाच्या लायब्ररीतल्या ओळीशी जुळवायची, नाव, कॉन्सन्ट्रेशन, युनिट सगळं. एकीकडे 'मिनिटाला मायक्रोग्रॅम' आणि दुसरीकडे 'किलोला मिनिटाला मायक्रोग्रॅम' असेल तर ऑर्डर पंपावर पोचतच नाही, मग नर्स वैतागून हाताने आकडे टाकते, म्हणजे लाखोंची जोडणी असून पुन्हा मूळपदावर. लायब्ररी बदलली की नवी आवृत्ती वायफायने पंपात जाते खरी, पण बऱ्याच पंपांत ती पंप बंद करून चालू केल्याशिवाय लागू होत नाही, आणि कोपऱ्यात पडलेला पंप जुनीच घेऊन बसलेला असतो. पेशंट ऑपरेशन थिएटरमधून वर आला, वाटेत पंप बदलला, तर फाइलचं जुन्या पंपाशी असलेलं नातं तोडून नव्याशी जोडायला लागतं, ते राहिलं की भलत्याच्या फाइलमध्ये नोंदी जाण्याची भीती.

आणि अँटिबायोटिकची छोटी पिशवी! ती मोठ्या सलाइनच्या वर टांगतात आणि तिच्या नळीवरचा क्लॅम्प, म्हणजे चिमटा, उघडतात, मग ती आधी जाते. क्लॅम्प उघडायचा राहिला तर पंप मोठ्या पिशवीतलंच पाणी ओढतो आणि फाइलमध्ये सुबक नोंद होते की अँटिबायोटिक दिलं. पिशवी वर भरलेली लटकतेय. म्हणून आपोआप आलेल्या नोंदीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये असं माझं मत.

नेटवर्कवर आलेल्या पंपाला हॅकिंगचा धोकाही आला. ३१ जुलै २०१५ ला एफडीएने हॉस्पिरा कंपनीचे सिम्बिक पंप वापरणं थांबवा असं हॉस्पिटलांना सुचवलं, कारण हॉस्पिटलच्या नेटवर्कमधून शिरून डोस बदलता येण्यासारखी त्रुटी सापडली होती. तसं कुणी प्रत्यक्षात केल्याचं तेव्हा आढळलं नव्हतं.

भारतात ईएचआरचे सरकारी मानक २०१३ मध्ये आले, २०१६ मध्ये सुधारले, २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, पण त्याचा भर रेकॉर्ड एका हॉस्पिटलातून दुसरीकडे नेण्यावर आहे, बेडजवळच्या पंपावर नाही. आपल्याकडच्या बऱ्याच आयसीयूत अजून सिरिंज पंप, त्यात ५० मिलीची सिरिंज, तिच्यावर चिकटवलेल्या पट्टीवर पेनाने लिहिलेलं औषधाचं नाव, आणि दर तासाला चार्टवर आकडा भरणाऱ्या सिस्टर.