अंतर्गत विधी विभाग व बाह्य वकील : मुंबईतील कार्यपद्धती

कंपनीच्या पगारावरचे विधी अधिकारी आणि फी घेऊन काम करणारे बाहेरचे वकील यांनी एकच कायदेशीर काम वाटून घेण्याची पद्धत. नरिमन पॉइंट, बॅलार्ड इस्टेट, लोअर परळ आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मोठ्या कंपन्यांत तिला नुसते ‘इन-हाउस आणि एक्स्टर्नल’ म्हणतात. रोजचे करार, नोटिसांना उत्तरे, परवाने आणि अनुपालन आतले लोक पाहतात. खटले, लवाद, मोठे विलीनीकरण आणि अनोळखी कायद्यावरचे अभिप्राय बाहेर जातात.

ही वाटणी केवळ खर्चाच्या हिशेबाने पडलेली नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 नुसार वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरली की तसे बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. त्यामुळे जनरल काउन्सेल, म्हणजे कंपनीचा विधीप्रमुख, हे पद कितीही भारदस्त असले, तरी न्यायालयात तो पक्षकाराचा माणूस म्हणूनच बसतो.

मुंबईत बाहेरची बाजूही एकपदरी नाही. उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडवर, म्हणजे दावे थेट तिथेच दाखल होतात त्या शाखेत, सॉलिसिटरने कागद तयार करायचे आणि काउन्सेलने युक्तिवादाला उभे राहायचे, ही जुनी रीत आहे. 1976 च्या दुरुस्तीने अ‍ॅटर्नी म्हणजेच सॉलिसिटर हा वेगळा वर्ग कायद्यातून गेला, सवय मात्र गेली नाही. 1830 पासून चालत आलेल्या क्रॉफर्ड बेलीसारख्या पेढ्या याच परंपरेतल्या. परिणाम असा की कारखान्यातल्या व्यवस्थापकाला माहीत असलेली गोष्ट विधी अधिकारी, सॉलिसिटर आणि काउन्सेल अशा तीन कानांतून न्यायाधीशांपर्यंत पोहोचते. कानगोष्टींच्या खेळात होते तेच इथे होते, आणि बहुतेक प्रकरणे कायद्यावर नव्हे, याच प्रवासात बिघडतात.

म्हणून प्रकरण सोपवताना आतल्या विभागाने ‘लिस्ट ऑफ डेट्स’ स्वतः लिहावी. दोन-तीन पानांत तारीख, घटना, ती सिद्ध करणारा कागद आणि तो कागद कोणाच्या ताब्यात आहे, एवढेच. आपल्या विरोधात जाणारे ईमेल त्यात आधी यावेत. काउन्सेलला ते समोरच्याच्या तोंडून कळणे ही सर्वांत महाग चूक. वाणिज्यिक, म्हणजे व्यापारी व्यवहारांवरच्या, दाव्यात तर वादीला आपल्याकडचे संबंधित कागद, गैरसोयीचेसुद्धा, दाव्यासोबतच द्यावे लागतात, आणि राहून गेलेला कागद पुढे लावायला परवानगी मागावी लागते. उच्च न्यायालयात मराठी सातबारा, पंचनामे, युनियनची पत्रे यांचा इंग्रजी अनुवाद लागतो. त्याचे दिवस आधीच मोजून ठेवावेत. काउन्सेलबरोबरच्या पहिल्या बैठकीला, म्हणजे कॉन्फरन्सला, व्यवहार प्रत्यक्ष पाहिलेला माणूस हजर हवा, मग तो पुण्याहून किंवा तळोज्याहून बोलवावा लागला तरी.

सहीचा प्रश्न किरकोळ वाटतो आणि तिथेच दावे अडतात. कंपनीतर्फे सही करणाऱ्याकडे संचालक मंडळाचा ठराव किंवा मुखत्यारपत्र हवे. वाणिज्यिक दाव्यात सत्यतेचे निवेदनही जोडावे लागते, त्यामुळे सही करणाऱ्याला वस्तुस्थिती ठाऊक असली पाहिजे. नोकरी सोडून गेलेल्या अधिकाऱ्याच्या नावाचे मुखत्यारपत्र तसेच चालू ठेवणे हा नेहमीचा घोळ.

मुदतींची जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरलेले असावे. वाणिज्यिक दाव्यात समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे उत्तर, द्यायची. न्यायालयाने मुदत वाढवली तरी 120 दिवसांनंतर तो हक्कच जातो. लवादाचा निवाडा रद्द करून घेण्यासाठी तीन महिने, त्यावर फार तर 30 दिवस. धनादेश न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस. सर्वांत फसवी मुदत दिवाळखोरी संहितेतली : पुरवठादाराची थकबाकीबद्दलची मागणी नोटीस आली की वाद असल्याचे 10 दिवसांत कळवायचे असते. ती नोटीस नोंदणीकृत कार्यालयाच्या आवक विभागात आठ दिवस पडून राहिली, तर वकील कितीही नामांकित असो, त्याच्या हाती दोनच दिवस उरतात. आवक कारकुनाला ‘न्यायालय, लवाद, मागणी नोटीस’ हे शब्द दिसताच त्याच दिवशी विधी विभागाला फोन करायला शिकवणे हा यावरचा स्वस्त उपाय.

गोपनीयतेबाबत दोन बाजूंत मोठा फरक आहे. पक्षकार आणि वकील यांच्यातील संवादाला भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 132 खाली जे संरक्षण आहे, ते पगारी विधी अधिकाऱ्याला मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये स्पष्ट केले. कायदेशीर सल्लागाराशी झालेला गोपनीय संवाद जपणाऱ्या कलम 134 चा मर्यादित आधार त्याला आहे, पण मालक आणि विधी अधिकारी यांच्यातला संवाद त्याने झाकला जात नाही. म्हणून अफरातफरीची अंतर्गत चौकशी किंवा खटल्यातल्या कमकुवत जागांचा अभिप्राय सुरुवातीपासून बाहेरच्या वकिलामार्फत करून घेतात. प्रत्येक ईमेलच्या प्रतीत वकिलाचा पत्ता घातला की काम झाले, हा गैरसमज आहे.

फी तासावर, टप्प्यावर, ठोक किंवा मासिक रिटेनरवर ठरते. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे. काउन्सेलची फी मसुदा, कॉन्फरन्स आणि हजेरी अशी वेगळी लागते. ब्रिटिश काळातल्या 15 रुपयांच्या सोन्याच्या मोहरेवरून आलेली ‘जीएम’ (गोल्ड मोहर) ही मोजणी मुंबईच्या वकिली जगात परिचित आहे. नेमणूकपत्रात पेढीचा कोणता भागीदार स्वतः काम पाहणार, काउन्सेल कोणाच्या संमतीने नेमायचा, आणि प्रकरण बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, येऊनही पुकारले गेले नाही तर किती आकार, हे लिहून घ्यावे. शेवटच्या मुद्द्यावर सर्वाधिक भांडणे होतात. शिवाय वकिलांच्या सेवेवरचा 18 टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जखाली, म्हणजे सेवा घेणाऱ्याने कर भरायच्या पद्धतीने, कंपनीलाच भरावा लागतो. अंदाजपत्रकात तो बहुधा राहून जातो.

वकील बदलायचा झाल्यास आधीच्या वकिलाची ना-हरकत घेऊन नवा वकालतनामा (वकीलपत्र) दाखल करतात. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची फाइल अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच ठरवले आहे. तरीही दाखल झालेल्या प्रत्येक कागदाची शिक्का असलेली प्रत त्याच आठवड्यात मागवून कंपनीच्या स्वतःच्या फाइलला लावण्याची शिस्त जाणते विभाग पाळतात.