दाणा, पालाण आणि माग: 1876 च्या सू मोहिमेतली कूच

त्या काळच्या अमेरिकन लष्कराच्या नियमानुसार घोडदळातल्या घोड्याला रोज 12 पौंड दाणा आणि 14 पौंड वाळले गवत मिळायला हवे होते. 22 जून 1876 रोजी दुपारी लेफ्टनंट कर्नल जॉर्ज कस्टरची सातवी घोडदळ रेजिमेंट रोझबड नदीच्या मुखापासून निघाली, तेव्हा प्रत्येक स्वाराच्या खोगिरामागे 12 पौंड ओट बांधलेले होते. म्हणजे एका दिवसाचा खुराक, आणि शिधा बांधला होता 15 दिवसांचा. बाकीचे दिवस घोड्याने वाटेतल्या गवतावर काढायचे. पण तेच गवत त्या वाटेने नुकत्याच गेलेल्या सू या मूळ अमेरिकन जमातीच्या हजारो तट्टांनी बुडख्यापर्यंत खाल्लेले होते.

सू आणि अमेरिकन सरकार यांच्या भांडणाचे मूळ जमिनीत होते. 1868 च्या फोर्ट लॅरमी तहाने ब्लॅक हिल्स हा डोंगराळ मुलूख सू लोकांकडे राहिला आणि पश्चिमेकडे पावडर नदीच्या खोऱ्यात शिकारीचा हक्कही मिळाला. 1874 मध्ये कस्टरच्याच तुकडीने ब्लॅक हिल्समध्ये सोने असल्याची बातमी आणली आणि तह मोडून खाणवाले घुसले. सू जमीन विकेनात, तेव्हा सरकारने 31 जानेवारी 1876 पर्यंत एजन्सींवर, म्हणजे राखीव मुलखातल्या सरकारी ठाण्यांवर, हजर व्हा, असा हुकूम काढला. ऐन हिवाळ्यात, बायकामुले आणि अशक्त तट्टे घेऊन तो पाळणे शक्यच नव्हते. मुदत उलटताच प्रकरण लष्कराकडे गेले.

पहिला घाव मार्चमध्ये घातला आणि तो फसला. जनरल जॉर्ज क्रूकच्या फौजेतल्या कर्नल रेनॉल्ड्सने 17 मार्चला पावडर नदीकाठचे, सू लोकांच्या साथीदार शायेन जमातीचे गाव ताब्यात घेतले. स्वतःचे शिपाई उपाशी आणि गारठलेले असताना त्याने गावातले वाळवलेले मांस आणि गव्यांची कातडी जाळून टाकली. पकडलेल्या शेकडो तट्टांवर रात्री धड पहाराही ठेवला नाही. दुसऱ्या सकाळी बहुतेक तट्टे शायेनांनी परत नेली.

उन्हाळ्यात तीन बाजूंनी फौजा निघाल्या. पश्चिमेकडून कर्नल गिबन, पूर्वेकडून जनरल टेरी आणि त्याच्याबरोबर कस्टर, दक्षिणेकडून क्रूक. मध्ये शेकडो मैल उघडा मुलूख होता. तारायंत्र नव्हते. निरोप न्यायचा तो घोडेस्वाराने जीव मुठीत धरून किंवा यलोस्टोन नदीतल्या ‘फार वेस्ट’ या आगबोटीने. 17 जूनला रोझबडच्या वरच्या अंगाला सू आणि शायेन क्रूकशी जवळजवळ सहा तास लढले आणि तो मागे फिरला. पाच दिवसांनी कस्टर त्याच नदीच्या खालच्या टोकापासून निघाला, तरी टेरीला किंवा त्याला या लढाईचा पत्ताही नव्हता.

खरी टेहळणी केली ती क्रो, अरिकारा आणि शोशोनी या जमातींच्या वाटाड्यांनी. 1866 च्या कायद्याने अशा वाटाड्यांना घोडदळातल्या शिपायाच्या पगारावर भरती करता येत असे. त्यांचे कारण त्यांच्यापुरते पक्के होते. सू लोकांनी त्यांची शिकारीची राने बळकावली होती. पुढे कस्टर जिथे लढला, ते लिटल बिगहॉर्न नदीचे खोरेच तहाने क्रो लोकांचे होते. गिबनच्या तळावरचा लेफ्टनंट जेम्स ब्रॅडली क्रो वाटाड्यांना घेऊन फिरे. मे महिन्यात त्याने सू गाव दोनदा शोधून दिले, एकदा टंग नदीवर आणि एकदा रोझबडवर. पहिल्या खेपेला फौज पुराच्या यलोस्टोनमधून घोडे पलीकडे नेऊ लागली, चार घोडे बुडाले आणि बेत सोडावा लागला. शोधलेले गाव हातचे गेले.

माग वाचणे हे बारकाईचे काम. तंबूच्या खांबांची जोडी तट्टामागून फरपटत जाते, त्यांच्या चरांवरून कुटुंबे मोजतात. चुलींची राख, लिदीचा ओलावा, चरलेल्या गवताला फुटलेले कोंब यांवरून दिवस ठरतात. 24 जूनला रोझबडकाठी मुख्य मागाला बाजूच्या ताज्या वाटा लागलेल्या दिसल्या. गाव फुटून पांगते आहे, अशी धास्ती अधिकाऱ्यांनी घेतली. प्रत्यक्षात त्या वाटा एजन्सींवरून नव्याने येऊन मिळणाऱ्या लोकांच्या होत्या. गाव फुगत होते. गाव फार मोठे आहे, हे वाटाडे सांगत होते. पण सू निसटतील ही भीती इतकी मुरलेली होती की ते थांबून लढतील, हा विचार मागे पडला.

आता खेचरांकडे वळू, कारण मोहिमेचा सगळा भार त्यांच्यावर होता. गाड्या दऱ्याखोऱ्यांत अडकतात, म्हणून पाठीवरची रसद. क्रूकने ॲरिझोनात हे शास्त्र पक्के केले होते. गवत भरलेले मेक्सिकन पालाण, प्रत्येक खेचराच्या अंगाप्रमाणे बेतलेले. दोन्ही बाजूंना सारख्या वजनाची ओझी, दोरीची विशिष्ट गाठ, लादताना डोळ्यांवर पट्टी, आणि पुढे गळ्यात घंटा बांधलेली घोडी, जिच्यामागे सगळा तांडा आपोआप चालतो. असे खेचर दोनअडीचशे पौंड घेऊन घोडदळाच्या बरोबरीने जाते. कस्टरकडची बहुतेक खेचरे गाड्यांची होती, पाठीवर ओझ्याची सवय नसलेली, आणि लादणारे होते नवखे शिपाई. ओझे एका बाजूला कलले की पालाण फिरते, पाठ सोलते आणि खेचर लाथा झाडून सगळे उधळून देते. पहिल्याच दिवशी ओझी गळू लागली. त्यातली काही खेचरे आणि निम्म्या रेजिमेंटचे घोडे कस्टरच्या हाताखालच्या मेजर रेनोच्या टेहळणीतून दमून परतले होते, त्यांना नीट विसावाही मिळाला नव्हता.

22 ला 12 मैल, 23 ला सुमारे 33, 24 ला सुमारे 28, आणि त्यावर मध्यरात्रीनंतर पुन्हा कूच. अंधारात पुढची रांग दिसत नव्हती. लोक धुळीच्या आणि आवाजाच्या अंदाजाने मागे चालत होते. पहाटे थांबले तिथले पाणी इतके खारे की घोडे तोंड लावीनात. ‘क्रोज नेस्ट’ टेकडीवरून वाटाड्यांना सुमारे 15 मैलांवर तट्टांचा प्रचंड कळप दिसला. कस्टरला मात्र तो दिसला नाही. दिवसभर लपून 26 ला पहाटे हल्ला करायचा, असा त्याचा विचार होता. पण रात्री एका खेचरावरून कडक बिस्किटांची पेटी पडली होती. ती आणायला सार्जंट कर्टिस मागे गेला, तेव्हा काही मूळ अमेरिकन लोक ती उघडताना दिसले. आपला सुगावा लागला असे धरून कस्टरने 25 जूनच्या भर दिवसा चाल केली. सुमारे सहाशेंपैकी एक पंचमांश माणसे तांड्यापाशी गुंतली होती, आणि जादा काडतुसे मैलोगणती मागे होती. दुसऱ्या तुकडीवरच्या कॅप्टन बेन्टीनला पाठवलेल्या कस्टरच्या शेवटच्या चिठ्ठीतही ओझी घेऊन लवकर ये, असाच निरोप होता. कस्टरबरोबरच्या पाच कंपन्यांतला कोणी वाचला नाही.

क्रूकचे खेचरतंत्र उत्तम असूनही ऑगस्टमध्ये त्याचे हाल झाले. ओझे हलके करण्यासाठी त्याने गाड्या मागे ठेवल्या, तंबू घेतले नाहीत, माणशी एक कांबळे आणि 15 दिवसांचा शिधा घेतला. 5 सप्टेंबरला हार्ट नदीच्या उगमापाशी जेमतेम अडीच दिवसांचा शिधा उरला असताना तो ब्लॅक हिल्सकडे वळला. पाऊस थांबेना, चिखलात घोडे बसू लागले. जो घोडा उठेना तो मारून खाल्ला जाई. अन्न आणायला पुढे पाठवलेल्या कॅप्टन मिल्सच्या दीडशे माणसांना स्लिम ब्यूट्सला 37 तंबूंचे गाव सापडले, आणि 9 सप्टेंबरच्या लढाईनंतर तिथल्या वाळवलेल्या मांसावर फौज तगली.

यानंतर लष्कराने ऋतू बदलला. उन्हाळ्यात गवतावर पोसलेल्या तट्टांना दाण्यावरचा घोडा गाठू शकत नव्हता. हिवाळ्यात बर्फाखाली चारा सापडत नाही, तट्टे खंगतात आणि गावाला हलता येत नाही. 25 नोव्हेंबरला कर्नल मॅकेन्झीने शायेन प्रमुख डल नाइफचे गाव साठ्यासकट जाळले. या वेळी त्याच्या वाटाड्यांत पॉनी जमातीचे लोक होते, तसेच एजन्सीवरून भरती झालेले सूही होते. कर्नल माइल्सचे पायदळ गव्याच्या कातड्याचे कोट घालून टंग नदीच्या खोऱ्यात हिवाळाभर पाठलाग करत राहिले. फेब्रुवारी 1877 मध्ये काँग्रेसने कायदा करून ब्लॅक हिल्स काढून घेतले, आणि 6 मे रोजी सू प्रमुख क्रेझी हॉर्स आपल्या जवळपास 900 उपाशी माणसांसह शरण आला.