मैत्रिणींसोबत गोधडीची सुट्टी : येण्याआधी एवढं वाचून घ्या

वाईजवळच्या आमच्या घरी दोन रात्री राहायचं आणि गप्पा मारत गोधडी शिवायची, बस एवढाच कार्यक्रम. बुकिंग झालं की प्रत्येक ग्रुपमधून फोनवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून हा कागद काढलाय. शिवण येत नसेल तरी बिनधास्त या, गोधडीला लागतो तो फक्त धावदोरा, म्हणजे सुई खाली-वर करत सरळ घातलेला साधा टाका, आणि तो पहिल्या तासाभरात हाताला बसतो.

आधी कापडाचं सांगतो कारण निम्मं काम तिथेच ठरतं. कृपया दुकानातून नवं कापड आणू नका. नव्या सुती कापडात खळ असते, पहिल्या धुण्यात ते आटतं आणि आतले जुने थर मात्र आटत नाहीत, मग गोधडी ओढल्यासारखी होते. वापरून वापरून मऊ झालेली साडी, धोतर, चादर, ओढणी, बाळाचे झबले, काहीही चालेल पण सुती हवं. साडी सुती आहे की नाही कळत नसेल तर काठाचा एक दोरा काढून जाळून बघा, सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राख होते, नायलॉन-पॉलिएस्टर वितळून कडक गाठ होते. जॉर्जेट, शिफॉन आणूच नका, सुईखालून सटकतं आणि अंगावर घेतलं की घाम येतो. साडीला जरीकाम असेल तर ते उसवून या, ते टोचतं. इरकल किंवा गडद लाल-निळं काही असेल तर पांढरा रुमाल ओला करून त्यावर घासा, रंग लागला तर ते कापड दोनतीनदा वेगळं धुवून मगच आणा, नाहीतर अख्खी गोधडी गुलाबी होते आणि तेव्हा फार वाईट वाटतं.

किती साड्या लागतील? सहावारी साडी साधारण १८ फूट लांब आणि ४५ इंच पन्ह्याची. तिचे साडेचार फुटांचे ४ तुकडे करायचे, दोन-दोन तुकडे जोडले की साडेचार बाय साडेसात फुटांचे २ थर मिळतात, जोडात जाते तेवढी इंचभर सोडून द्या. नऊवारी असेल तर ती २७ फूट, म्हणजे ३ थर. आईची एक नऊवारी आणि तुमची एक सहावारी यात पाच थरांची एका माणसाची गोधडी आरामात बसते. वरच्या थरावर चांगलं कापड घ्या, फाटकं-विरलेलं आत जाऊ द्या. आजोबांचं धोतर कुणाला दाखवण्यासारखं राहिलेलं नसतं पण टाकवतही नाही, त्याची जागा आतच.

आता काय शिवायचं ते. खरं सांगतो, एकटीने पूर्ण गोधडी दोन-अडीच दिवसांत होत नाही. टाक्यांच्या रांगा एक-एक इंचावर घेतल्या तरी वरच्या मापाच्या गोधडीला जवळपास सव्वाशे मीटर धावदोरा घालावा लागतो, आणि अर्ध्या इंचावर घेतला तर त्याच्या दुप्पट. त्यामुळे एकटीला स्वतःचं काही घरी न्यायचं असेल तर ३ बाय ३ फुटांचं दुपटं घ्या, त्याला सुमारे ३३ मीटर टाका लागतो आणि निघायच्या दिवशी दुपारपर्यंत ते होतं. घरात बाळ येणार असेल तर याच्याइतकी चांगली भेट आम्हाला तरी सुचत नाही. देवपूजेचं आसन, उशीचा अभ्रा, पिशवी ही कामं त्याहून लहान, एका दिवसात संपतात.

पण आमचं ऐकाल तर चौघीजणी मिळून एकच गोधडी घ्या. जमिनीवर अंथरायची, चारी बाजूंनी चौघी बसायच्या आणि कडेकडून आत शिवत यायचं. सुरुवातीला चौघी लांब लांब असतात, मोठ्याने बोलावं लागतं, शेवटच्या दिवशी मधल्या चौकोनापाशी आल्यावर गुडघ्याला गुडघा लागतो आणि बोलणंही हळू होतं, हे आम्ही दरवेळी बघतो आणि दरवेळी तितकंच छान वाटतं. प्रत्येकीचा टाका वेगळा पडतो, एकीचा बारीक, एकीचा लांब, तो उसवून सारखा करायला सांगू नका, पुढे वर्षांनी बघाल तेव्हा कोणत्या बाजूला कोण बसली होती ते त्यावरूनच कळेल. गोधडी कुणाच्या घरी जाणार हे मात्र कापड कापायच्या आधी ठरवा. काही ग्रुप आळीपाळीने वर्षभर ठेवतात, एका ग्रुपने ती ज्या मैत्रिणीची आई नुकतीच गेली होती तिला दिली कारण वरचा थर त्याच आईच्या साडीचा होता.

कडेकडून आत शिवायची ही रीत आपल्याकडे आहेच, शेजारच्या कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायकाही त्यांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच शिवतात, तुकडे लावत लावत गोल फिरत मध्यापर्यंत. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्यातले बरेच पोर्तुगीजांच्या काळात गोव्यामार्गे. कवंदीच्या चार कोपऱ्यांना कापडाच्या घडीची त्रिकोणी फुलं लावतात. आवडलं तर तुमच्या गोधडीलाही लावू, पाच मिनिटांत शिकता येतं.

शिकवायला गावातल्या दोन मावशी असतात, लहानपणापासून वाकळा म्हणजे गोधड्या शिवत आल्यात. त्यांना नावाने हाक मारू नका, मावशीच म्हणा. त्या माप हाताच्या वितीने घेतात आणि आमच्या टेपपेक्षा ते क्वचितच चुकतं.

सुया, जाड सुती दोरा, मेण, कात्री, अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी) आमच्याकडे आहे. दोऱ्याला मेण लावलं की गुंता होत नाही. तुम्ही जवळचा चष्मा विसरू नका, रात्री दिव्याखाली नेढ्यात दोरा ओवताना तोच लागतो. खाली बसवत नसेल तर आधी कळवा, उंच टेबल मांडून ठेवतो, त्यात संकोच नको.

येण्याचे दिवस नोव्हेंबर ते मे. पावसाळ्यात आम्ही बंद ठेवतो, कापडच वाळत नाही. पूर्वी बायका उन्हाळ्यात शेतातलं काम कमी झालं की वाकळा काढायच्या, त्यामुळे मार्च-एप्रिलला नाक मुरडू नका, सकाळी आणि संध्याकाळी ओट्यावर बसायला मजा येते. मधे पाय मोकळे करायला मेणवलीच्या घाटावर घेऊन जातो. ग्रुप ४ ते ८ जणींचा, जेवण घरचं, दर वेगळ्या कागदावर दिलेत.

काम अर्धं राहिलं तर काळजी नको. सुई, उरलेला दोरा आणि पुढच्या रांगा खडूने आखून देतो, घरी पूर्ण करा. नाहीच जमलं तर गोधडी आमच्याकडे पाठवा, मावशी शिवून देतात, त्याचे पैसे वेगळे आणि ते थेट त्यांनाच जातात. पहिलं धुणं थंड पाण्यात हाताने करा, पिळू नका, ओली गोधडी खूप जड होते तेव्हा दोन दोऱ्यांवर पसरून वाळत घाला.