तुमच्या प्लँटचं पी अँड आयडी खरं आहे का, एकदा बघून घ्या

(लोटे, महाड, रोहा भागातल्या आमच्या ग्राहकांसाठी)

ऑडिट आलं की पी अँड आयडीची (पायपिंग अँड इन्स्ट्रुमेंटेशन डायग्राम, म्हणजे प्लँटमधले पाइप आणि उपकरणं दाखवणारं ड्रॉइंग) गुंडाळी कपाटातनं बाहेर येते, ऑडिटर गेला की परत आत. खरं तर तो रोज शिफ्टला लागणारा कागद आहे. पीएफडीमध्ये (प्रोसेस फ्लो डायग्राममध्ये) माल कुठनं कुठे जातो एवढंच कळतं, पी अँड आयडीत पाइपचा साइज, प्रत्येक वॉल्व्ह, ड्रेन, गेज, अलार्म, इंटरलॉक (धोका दिसला की आपोआप बंद करणारी सोय) सगळं असतं, म्हणजे असायला हवं.

वाचायला अवघड नाही. गोलात टीआयसी-१०१ लिहिलंय म्हणजे टी टेम्परेचर, आय दाखवणारा, सी कंट्रोल करणारा, १०१ हा लूपचा (एकत्र काम करणाऱ्या उपकरणांच्या साखळीचा) नंबर. गोलाच्या मधनं आडवी रेघ असली तर तो कंट्रोल रूममध्ये, नसली तर फील्डवर. वॉल्व्हखाली एफओ (फेल ओपन) म्हणजे वॉल्व्ह चालवणारी एअर गेली की तो उघडतो, एफसी (फेल क्लोज) म्हणजे बंद होतो. आपल्याकडे पावसात लाइट कशी जाते ते सांगायला नको, कॉम्प्रेसर बसला की सगळं ह्या दोन अक्षरांवर येतं. गरम होणारी रिअ‍ॅक्शन चालू असेल तर जॅकेटचा (रिअ‍ॅक्टरभोवतीच्या कवचाचा) कूलिंग वॉटरचा वॉल्व्ह उघडा राहिला पाहिजे आणि स्टीमचा बंद, उलटं बसलेलं असेल तर बॅच हातातनं जायला वेळ लागत नाही. (आणि कूलिंगचा पंप डीजीवर (डिझेल जनरेटरवर) आहे का तेही बघा, वॉल्व्ह उघडा आणि पाणीच नाही, मग काय उपयोग.)

एका प्लँटमध्ये आम्ही लाइन वॉक करत होतो. ड्रॉइंगवर रिअ‍ॅक्टरची पीएसव्ही (प्रेशर जास्त झालं की आपोआप उघडणारा सेफ्टी वॉल्व्ह) थेट नोझलवर. वर चढून बघतो तर पीएसव्हीच्या खाली एक बॉल वॉल्व्ह, लाइनच्याच रंगात रंगवलेला आणि बंद! टेस्टिंगला पीएसव्ही काढायला सोपं जावं म्हणून मेंटेनन्सवाल्यांनी कधीतरी टाकलेला, कागदावर कुणीच घेतला नाही. त्या कागदावर कितीही छान हॅझॉप (काय काय बिघडू शकतं याची पद्धतशीर तपासणी) केली असती तरी तो वॉल्व्ह सापडला नसता. असा वॉल्व्ह ठेवायचाच असेल तर लॉक ओपन हवा आणि ड्रॉइंगवर तसं लिहिलेलं हवं.

मोठ्या कंपन्यांतही हे होतं. इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोला पाच नंबरच्या रिअ‍ॅक्टरला तडा गेला म्हणून तो काढून चार आणि सहाच्या मध्ये २० इंची तात्पुरता पाइप टाकला, त्याचं ड्रॉइंग काय तर वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेलं. १ जून १९७४ ला तो पाइप फुटला, सायक्लोहेक्झेनचा स्फोट झाला, २८ माणसं गेली.

आपल्याकडचे बरेचसे बदल गणपतीच्या शटडाउनमध्ये होतात, फिटर निम्मे गावी, काम उरकायची घाई, आणि नंतर लाल पेनाने कागदावर मारायचं राहून जातं. म्हणून आम्ही शक्यतो त्यानंतर लगेच येतो. एकेक लाइन पायाने चालून जुन्या कॉपीवर लाल पेनाने मार्किंग, मग कॅडमध्ये नवीन रिव्हिजन, आणि खाऱ्या हवेने पुसलेल्या टॅगची वेगळी यादी. तुमच्याकडनं दोनच गोष्टी हव्यात, असतील तेवढ्या जुन्या ड्रॉइंगच्या कॉप्या (चहाचे डाग चालतील) आणि एक दिवस आमच्याबरोबर फिरायला तुमचा सगळ्यात जुना ऑपरेटर. इंजिनीअर नंतर आले तरी चालतील.